चंद्राकाकीचं भ्याव

भिवंडीत आम्ही खोली शोधत फिरत होतो, तेव्हा प्रत्येक घरमालक काही ना काही विचारायचा. माणसं किती, मासळी शिजवता का, पाणी किती लागतं, गावाकडून पाहुणे फार येतात का. भिवंडीजवळच्या टेमघर गावातल्या चंद्राकाकीने यातलं एकही विचारलं नाही. ओटीवर बसून ती वाल सोलत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "भुताला भितंस का गो?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण मी भिवंडीला नुकतीच आले होते. मी वाईकडची, हे भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. 'नाही म्हण' असं यांनी डोळ्यांनी खुणावलं, पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं. म्हटलं, "भिते."

"मंग रूम तुझी," काकी म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

आमच्या आधी एक जण खोली बघून गेला होता. आपण कुणाला भीत नाही, असं त्याने ऐटीत सांगितलं. काकीने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. का, ते तिने मला नंतर समजावलं. "जो भीत न्हाय, तो चुलीतला इस्तो इझवनार न्हाय, इहिरीवर झाकन ठेवनार न्हाय, दाराला कडी घालनार न्हाय. असा मानूस मना माझ्या भिंतीला नको."

काकी पन्नाशीची होती. ठेंगणी, काटक, आखूड नेसलेलं लुगडं, चालताना पुढे झुकलेली, जणू समोरून वारा येतोय. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोडी भातशेती, एक म्हैस आणि खळ्याच्या जागेवर बांधलेल्या दोन खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत गवत. ती कीर्तनाला जायची नाही, जत्रेला जायची नाही, लग्नात जेवून लगेच परत यायची. पण गावात भुताचा पिच्चर लागला की त्या दिवशी म्हशीचं दूध लवकर निघायचं, आणि काकी धुतलेलं लुगडं नेसून मॅटिनीला निघायची. मॅटिनीच. सहाच्या किंवा नऊच्या खेळाला ती कधीही गेली नाही.

"भ्याव घ्यायला जायचं, पन घरी उन्हातनं यायचं," ती म्हणायची. "बाहेर येऊन मानसं दिसली पायजेत, केली इकनारा दिसला पायजे. न्हायतर पिच्चर घरी येतं आपल्यासंगं."

मला तिने पहिल्यांदा नेलं ते मी खोलीत एकटी कंटाळते म्हणून. दुपारचं थेटर निम्मं रिकामं असायचं. पुरुषांच्या बाजूला बहुतेक रातपाळी करून आलेले कारीगर. ते पंख्याखाली झोपायला आलेले, त्यांना भूत आलं काय आणि गेलं काय. बायकांच्या बाजूला काकी आणि मी. काकीने फुटाण्यांची पुडी उघडली आणि पडद्याकडे अशी बघायला लागली, जशी मुलीकडची माणसं स्थळाचं घर बघतात.

पिक्चरमध्ये एक मोठा बंगला होता. नायिका त्यात राहायला आली आणि लगेच दारं वाजायला लागली. मी काकीचा दंड धरला. काकी मात्र फुटाणे खात होती.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी हळूच विचारलं.

"काय वाटायचं? ती आल्यापासून जेवली न्हाय. चूल कुठं हाय ते दाखवलं न्हाय. झोपते कुठं, सकाली उठून तोंड कुठं धुते, कायच म्हाईत न्हाय. ज्या घरात कुनी भात शिजवला न्हाय, ते घर गेलं तर कुनाचं काय गेलं?"

मग मध्यंतराच्या जरा पुढे जिन्यावर पांढरी बाई आली. लांब केस, हातात मेणबत्ती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काकी लुगडं झटकून उभी राहिलेली. "चल," ती म्हणाली. "दाखवलान मेल्याने."

दारावर बशीरभाई नावाचे वयस्क डोअरकीपर होते. त्यांची आणि काकीची जुनी ओळख. पिक्चर अर्धा टाकून आम्ही बाहेर येताना बघून त्यांनी विचारलं, "क्यूँ काकी, दिख गया?"

"दिख गया," काकी म्हणाली. "साडीला इस्तरी बी हाय. मेल्यावर इस्तरी कोन करून देतं, तेवढं इचारून ठेवा."

असे कितीतरी पिक्चर आम्ही मिळून अर्धे पाहिले. काकीच्या लेखी भूत दिसलं की पिक्चर संपला. पडदा हलावा, खुर्ची हलावी, कुत्र्याने कोपऱ्याकडे बघून मागे सरकावं, इथपर्यंत तिची हरकत नसे. उलट अशा वेळी तिचा फुटाण्याचा हात पुडीतच थांबायचा. तो हात थांबला की पिक्चर चांगला, हे मी शिकले. पुढेपुढे तर मी पडद्यापेक्षा त्या हाताकडेच बघायची. गाणं लागलं की तो पुन्हा चालू व्हायचा आणि काकी मोठ्याने म्हणायची, "घाला, गानं घाला. भूत बी जरा पानी पिऊन येईल."

एकदा मात्र तिची पुडी तशीच राहिली. त्या पिक्चरमध्ये एक म्हातारा आणि त्याची सून एवढीच माणसं होती. म्हातारा रोज जेवताना एक ताट जास्त मांडायला सांगायचा. बाकी फार काही घडत नव्हतं. काकीने तो शेवटपर्यंत पाहिला. बाहेर आल्यावर ती केळीवाल्यापाशी थांबली, केळी न घेताच पुढे निघाली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आवाज केला न्हाय मेल्याने. आपल्याकडं लूम बंद पडतात तवा कसं होतं, तसं केलं."

हे मला लगेच कळलं. भिवंडीत नवीन आलेल्या माणसाला मागांच्या खडखडाटाने झोप येत नाही. वर्षभर राहिलं की उलटं होतं. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले, की झोपलेलं माणूस दचकून उठतं. पाळण्यातली पोरं रडायला लागतात. आवाज होता तोवर सगळं ठीक होतं. आता काय झालं, असं वाटतं. काकीचं म्हणणं, पिक्चरवाल्यांना एवढंच कळत नाही. ते ढोल वाजवून भिववायला बघतात.

तिच्या या छंदाची टेमघरमध्ये सगळे थट्टा करायचे. तिचा पुतण्या बाळाराम चांगला दोन पोरांचा बाप होता, पण एका संध्याकाळी तोंडाला राख फासून, अंगावर चादर घेऊन गोठ्यामागून घुमत आला. मी किंचाळून खोलीत पळाले. काकी धार काढत होती. तिने मान वळवून त्याला नीट न्याहाळलं.

"पायात चपला हाईत," ती म्हणाली. "आन चादर तुझ्या बायकोची हाय, वल्खीची. वल्खीच्या चादरीला कोन भितं? जा, परत ये."

बाळाराम खरंच चपला काढून परत आला. "आता?" त्याने विचारलं. काकी म्हणाली, "आता बरा हाय. पन बोलू नको," आणि त्याच्या हातात दुधाची चरवी दिली. राख फासलेलं ते भूत निमूटपणे चरवी घेऊन घरी गेलं.

त्याच सुमाराला मला दिवस गेले, आणि आमचं हसणं एकदम थांबलं.

कारण माझी ही दुसरी वेळ होती. पहिली मुलगी भिवंडीला येण्याआधी माहेरीच झाली होती, आणि आठवडाभरात गेली होती. झोपेतच गेली. कुणाची काही चूक नव्हती. पण त्यानंतर मला सुखाने श्वास घेता येत नव्हता. घरचे सगळे एकच सांगायचे. सासूबाईंचा निरोप, घाबरू नको. आई म्हणायची, वाईट मनात आणू नको. हे कामावर निघताना दारात थांबून म्हणायचे, "भिऊ नकोस हं." सगळ्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलेलं, त्यामुळे भीती वाटते हे कुणालाच सांगता येईना. मी भांडी घासता घासता थांबायची आणि पोटावर हात ठेवून बसायची.

काकीने पिक्चरला जायचं सोडलं. पोटुशी बाईला सोबत नेता येत नाही, आणि तिला सोडून जाता येत नाही, असं तिने सांगून टाकलं. एका दुपारी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"कनाला भितंस, सांग," ती म्हणाली.

"काही नाही."

"मी न्हाय सांगनार भिऊ नको म्हनून. कुठनं येतं ते सांग. कसं दिसतं?"

मग मी सांगितलं. पहाटे मुलीला पाजायला उचललं तेव्हा ती कशी लागली हाताला, ते सांगितलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. माझं संपल्यावर काकी म्हणाली, "आता आनि सांग." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला आधी रडू आलं आणि मग भूक लागली.

काकीने तिच्या घरून भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. मी खात असताना ती म्हणाली, "पिच्चरवाल्याने भूत दाखवू नये. आन घरच्याने झाकू नये. झाकलं की मोठं होतं ते."

त्यानंतर ती रोज दुपारी यायची. काही दिवस मी बोलायची, काही दिवस नुसते वाल सोलायचो.

दिवस भरत आले होते. एका सकाळी मला जाणवलं की पोटात हालचाल नाही. मी उठून चालले, पाणी प्यायले, कुशीवर वळले. काही नाही. हे कामावर गेलेले. मी भिंत धरून काकीच्या ओटीपर्यंत गेले. तिने माझं तोंड बघितलं आणि विचारलंही नाही. बाळारामला टांगा आणायला पिटाळलं, तसंच कारखान्यात निरोप द्यायला सांगितलं.

टांग्यात ती माझ्याजवळ बसली. रस्ता खड्ड्यांचा. माझा हात तिच्या हातात होता, आणि तो थरथरत होता. आधी मला वाटलं मीच कापतेय. मग पाहिलं तर तिचा हात कापत होता. ओठ गच्च मिटलेले. इतके पिक्चर मी तिच्याशेजारी बसून पाहिले, तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"काकी, तुम्हाला भीती वाटतेय," मी म्हटलं.

"वाटते," ती म्हणाली. "जाम वाटते. तू गप बस."

का कोण जाणे, मला त्याने धीर आला.

मुलगी दुपारी झाली. डॉक्टरीणबाईंनी बरीच खटपट केली, आणि मग ती रडली. नाळ मानेभोवती होती म्हणाल्या, उशीर झाला असता तर कठीण होतं. हे धावत आले तेव्हा काकी दवाखान्याच्या पायरीवर पदर डोळ्यांना लावून बसली होती. यांना वाटलं, संपलं सगळं. काकीने पदर काढून सांगितलं, "पोर झाली. दोघी ठीक हाईत. मी माझं रडतंय."

ती तेव्हा जे बोलली, ते यांनी मला नंतर सांगितलं. काकीचा नवरा कशेळीच्या खाडीत रेतीच्या होडीवर होता. रोज संध्याकाळी तो येईपर्यंत तिचा जीव वर-खाली व्हायचा. वर्षानुवर्षं ती खाडीला भीत राहिली. "आन खाडीने न्हाय नेला त्याला," ती यांना म्हणाली. "तापाने गेला. खाटेवर, माझ्यासमोर. मंग दुसऱ्या दिवशी सांज झाली, आन मना कायच वाटलं न्हाय. कुनी यायचंच नव्हतं ना. भ्याव बी गेलं त्याच्यासंगं. घर असं सुनं झालं, काय सांगू. मंग मी पिच्चरला जाया लागले. म्हनलं, बघू जरा, माझ्यात भ्याव हाय का उरलं. आज टांग्यात समजलं, हाय."

हे फार बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "काकी, चहा पिता का?" आणि दोघांनी पायरीवर बसून चहा घेतला.

मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा बाजारात नवा भुताचा पिक्चर लागला. जाहिरातीचा टांगा भोंगा लावून टेमघरपर्यंत येऊन गेला. मी काकीला म्हटलं, "आता जा तुम्ही. कधीपासून गेला नाहीत." तिलाही पटलं. ती धुतलेलं लुगडं नेसून निघाली आणि थोड्याच वेळात परत आली.

"काय झालं? टांगा चुकला?"

"न्हाय. थेटरपर्यंत गेले. बशीरभाय बोलला, काकी, यंदा भूत चांगलं हाय, शेवटपर्यंत दिसत न्हाय." ती चप्पल काढत म्हणाली. "पन सकाली पोर शिंकली होती ना."

"एकदाच शिंकली काकी."

"एकदाच शिंकली, पन शिंकली."

ती पाळण्याशी जाऊन बसली. मुलगी गाढ झोपली होती. काकीने वाकून तिच्या नाकाशी बोट धरलं, बराच वेळ धरलं. मग माझ्याकडे वळून कारखान्यातल्या माणसासारखी म्हणाली, "चालू हाय." आणि परत बोट धरून बसली.

मुलगी झाल्यापासून मला दिवसा डोळा लागला नव्हता. दर घटकेला उठून मीही तेच करायची. त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले, आणि उठले तेव्हा उन्हं उतरली होती, काकीने दिवा लावला होता, मुलगी तिच्या मांडीवर जागी होती.