उरलेल्यांची यादी

सकाळी अकरा वाजता देवपुरातल्या गॅस एजन्सीच्या नव्या संगणकाने जाहीर केले, की धुळ्यात गॅसची वाट पाहणारे आता कुणीही उरलेले नाही. दाराबाहेर मात्र रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

कारकून लीलाधरने यंत्राला आज्ञा सरळ दिली होती : नोंदणीच्या यादीतून कनेक्शन मिळालेल्यांची नावे वगळ, उरलेली छाप. छापून आला तो निव्वळ पांढरा, माघातल्या पहाटेसारखा अबोल कागद.

"बारापर्यंत यादी लागली नाही," मालक रतिलालशेठ म्हणाले, "तर हे खोकं परत, अन् तू गोडाऊनला सिलिंडर उचलायला!"

लीलाधरने मिळालेल्यांची यादी बोटाने चाळली. एका ओळीत नावाची जागा रिकामी होती. त्याला आठवले : गेल्या आठवड्यात मंदाबाई शेगडी न्यायला आल्या होत्या. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. नाव विचारताच त्या लाजल्या आणि त्याने भिडेपोटी रकाना तसाच सोडला. त्या रिकाम्या जागी कुणीही असू शकत होते. म्हणून 'याला मिळालेले नाही' अशी ग्वाही ते यंत्र कुणाविषयीच देईना.

"पुसून टाक ना ती ओळ!"

"मग त्यांच्या घरी दुसरी शेगडी जाईल, शेठ."

सुदैवाने मंदाबाई नळी बदलून घ्यायला रांगेतच उभ्या होत्या.

"ताई, यजमानांचं नाव सांगा."

"त्यासनं नाव मी कशी लेऊ, भाऊ? बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात!" रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा चुकवत त्या म्हणाल्या.

शेजारीण झुंबरबाईला नाव ठाऊक होते. पण ती ओरडली, "तिलेच लेऊ द्या उखाणा!"

सर्वांत मोठ्याने हसले ते नव्या नोंदणीसाठी आलेले भिकनआबा. "ले वं बाई! नाव लेवाले लाज कसानी?"

बाराला पाच कमी होते. मंदाबाईंनी पदर सावरला, छताकडे पाहिले आणि एका दमात म्हटले :

"स्टोव्ह गेला माळ्यावर, डोळ्यांतला धूर गेला;
लोटनरावांच्या नावानं गॅस घरी आला!"

टाळ्यांच्या कडकडाटात लीलाधरने 'लोटन' टंकले. प्रिंटर खरखरला, आणि पांढऱ्या कागदावर माणसे उगवू लागली. रतिलालशेठांनी स्वतः यादी भिंतीवर डकवली.

मग भिकनआबा पुढे सरकले.

"कनेक्शन कुणाच्या नावावर, आबा?"

"घरवालीना."

"नाव?"

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. कान लाल झाले. "ऱ्हाऊ दे ना भाऊ," ते पुटपुटले, "तेवढी जागा रिकामी."

लीलाधर खुर्चीत निवांत मागे रेलला.

"घाई नाही, आबा. यमक जुळेपर्यंत थांबतो."