पालथं हौसिंग

एका जंगलात एक मोटार होती. हसू नका, बाळांनो. ज्या जंगलात राजा असतो, प्रधान असतो, तिथे मोटार असायला काय हरकत आहे? फार वर्षांपूर्वी एक साहेब तिच्यात बसून शिकारीला आला. सिंह दिसताच साहेब झाडावर चढला, आणि मोटार सिंहाच्या आजोबांकडे आली.

मोठी गुणी मोटार! तिला क्लच नव्हता. दांडी ‘डी’वर ओढली की पुढचे गिअर आपले आपण पडत. ‘आर’वर ओढली की मोटार मागे जाई. सिंहांच्या घराण्याला हे फार आवडलं. एक पंजा स्टिअरिंगवर ठेवला की दुसरा प्रजेकडे बघून हलवायला मोकळा. राज्य करायला आणखी काय लागतं?

पण नातवाच्या, म्हणजे केसरभान महाराजांच्या काळात तो गिअरबॉक्स थकला. इंजिन नुसतं गुरगुरे आणि मोटार जागची हलेना. त्यातच आजोबांची जयंती येऊन ठेपली चार दिवसांवर.

महाराजांनी साळोबाला बोलावलं. साळोबा हा साळिंदर. वडाखाली त्याचं गॅरेज होतं.

“जयंतीला मोटार चालली पाहिजे,” महाराज म्हणाले. “नाही चालली, तर तुझा एकेक काटा उपटीन आणि दात कोरीन.”

“सांबर फार अडकतं हो हल्ली दातांत,” प्रधान सरडोपंत म्हणाले. जातीचे सरडे. महाराजांशी बोलताना महाराजांच्या रंगाचे होत.

साळोबाने गिअरबॉक्स उघडला. तेल काळंठिक्कर, जळका वास, आतल्या चकत्यांचे पार पापड झालेले. मग तो नाल्यावर गेला. तिथे सर्कशीची एक जुनी गाडी पडून होती. तिचा गिअरबॉक्सही आपोआपच्याच जातीचा. साळोबाने तो उतरवला, खोलला, धुतला, नवी सीलं घातली आणि चकत्या तेलात भिजवल्या. एक पिन सापडेना, तर स्वतःचा काटा तोडून घातला. गिअरबॉक्सला जुळावं म्हणून मागच्या चाकांमधलं हौसिंगही त्याच गाडीचं घेतलं. हौसिंग म्हणजे दातेरी चक्रांची ती गोल पेटी, जी इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवते.

आता बसवायची वेळ आली. मिस्त्री लोक मोटारीखाली उताणे पडून काम करतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. पण साळिंदराने उताणं पडायचं म्हणजे स्वतःलाच खिळे ठोकून घ्यायचे. म्हणून त्याने गजाप्पा हत्तीला हाक मारली.

“गजाप्पा, एवढी मोटार पालथी घाल बघू.”

गजाप्पाने घातली. हौसिंगवर एक बाण कोरलेला होता, ‘ही बाजू वर’ असं सांगणारा. साळोबाने बाण नीट आभाळाकडे करून बोल्ट आवळले. मग गजाप्पाने मोटार पुन्हा सुलटी केली.

बाण आता कुठे गेला? बाळांनो, तुमच्या लक्षात आलं. साळोबाच्या नाही आलं. चार दिवस त्याने धड जेवणसुद्धा केलं नव्हतं.

जयंतीचा दिवस उजाडला. मोटारीपुढे प्रजा, प्रजेपुढे माकडांचा बँड. महाराज चढले, सरडोपंत बॉनेटवर चिकटले. महाराजांनी दांडी ‘डी’वर ओढली आणि मोटार जी सुसाट सुटली ती मागे! तळ्याला वळसा घालून, दोन वारुळं पाडून, चिंचेखाली थांबली.

साळोबाने डोळे मिटले. त्याला उपटायच्या आधीच काटे दुखायला लागले.

सरडोपंत पिवळे झाले, लाल झाले, शेवटी महाराजांच्या रंगावर आले आणि ओरडले, “धन्य, धन्य! आजवरचे राजे प्रजेकडे पाठ करून पुढे गेले. आमचे महाराज प्रजेकडे तोंड करून प्रगती करतात!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार साळोबाला घातला. तो त्याच्या काट्यांत अडकला तो अडकलाच.

त्या दिवसापासून जंगल उलटं चालू लागलं. शाळेत उलटं चालणं शिकवायला खेकडा नेमला. तो पोरांना आडवं चालवी, पण नोकरी पक्की झाली. ससे पाठमोरे चालत थेट वाघाच्या गुहेत पोचू लागले. वाघाने महाराजांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

फक्त साळोबाला घास गिळवेना.

“काय झालंय तुम्हाला?” त्याच्या बायकोने, साळूबाईने विचारलं.

“अगं, हौसिंग पालथं बसलंय.”

“कुणाला कळलंय का?”

“मला कळलंय ना!”

“मग गप बसा. काटे अंगावर आहेत, हे काय थोडं झालं?”

“काटे आहेत गं. पण मिस्त्री म्हणून माझी लाज गेली.”

तो सरडोपंतांकडे गेला. “पंत, अर्ध्या दिवसाचं काम आहे. हौसिंग सुलटं करतो.”

“सुलटं?” पंत हिरवेगार पडले. “हा शब्द आम्ही कालच बंद केला.”

साळोबा परतला, पण हौसिंग काही डोक्यातून जाईना. पुढच्या जयंतीच्या आदल्या दुपारी महाराज घोरत असताना तो मोटारीखाली शिरला आणि सरळ खड्डा खणून त्यात उभा राहिला. जन्मभर बिळं खणणाऱ्याला हे सुचायला वर्ष लागलं. मिस्त्री लोकांचं असंच असतं. त्याने बाण वर केला, बोल्ट आवळले, खड्डा बुजवला आणि वर्षानंतर पहिल्यांदा पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सगळी प्रजा मोटारीच्या नाकासमोर उभी. मोटार मागे जाते, तेव्हा नाकासमोर उभं राहण्यासारखं सुरक्षित काही नाही! महाराजांनी दांडी ओढली, पंजा हलवला. आणि मोटार पुढे गेली.

काय सांगू, बाळांनो! माकडं चढली चिंचेवर, ढोल चढला माकडांवर, ससे उलटं पळावं की सुलटं या विचारात जागच्या जागी नाचू लागले. गजाप्पा झाडावर चढला. कसा, ते त्यालाही आठवत नाही. मोटार कुणालाही न लागता, सुतासारखी सरळ, थेट तळ्यात गेली. महाराज म्हशींच्या मध्ये वर आले.

“मोटार कुणी बिघडवली?” ते गरजले.

साळोबा आनंदाने पुढे धावला. “बिघडवली नाही, म्हाराज! मी दुरुस्त केली! कशी सरळ गेली, बघितलंत ना?”

संध्याकाळपर्यंत त्याचे सगळे काटे उपटून झाले.

गुळगुळीत झालेला साळोबा घरी आला. साळूबाईने आधी त्याला ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा ती रडू लागली.

“रडू नको गं. पण कशी नाकासमोर गेली, तू बघायला हवं होतंस!”

तेवढ्यात राजवाड्यावरून हुकूम आला. मोटार तळ्याबाहेर काढली आहे, उद्या दुपारच्या आत पूर्वीसारखी उलटी चालती करून द्यावी.

साळोबा पाने-पकडी घेऊन गेला. सवयीने खड्डा खणायला वाकला, आणि थांबला. मग हळूच जमिनीवर पाठ टेकवली. कुठे काही टोचलं नाही. जन्मात पहिल्यांदा तो मोटारीखाली उताणा पडला होता, आणि वरचा एकेक बोल्ट कसा स्वच्छ दिसत होता.

“च्यायला,” साळोबा खुशीत म्हणाला, “हे आधीच उपटायला पाहिजे होते!”

तात्पर्य: आपली चूक कधी दुरुस्त करू नये, बाळांनो. तिला थोडे दिवस द्यावेत, तिचं धोरण होतं. आणि अगदीच राहवलं नाही, तर काटे आधी काढून ठेवावेत. पाठ टेकायला बरं पडतं.