आठ नगांचा कॉम्प्युटर

धाकटीनं यादी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हातात ठेवली तेव्हा तिला वाटलं, आता चिंता मिटली. अण्णांची अठ्ठावीस वर्षं पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात गेली होती. साध्या वॉशरपासून ट्रकभर लोखंडापर्यंत सगळं त्यांनी घेतलं होतं आणि जास्त भाव देऊन काही आणलं असा ठपका कधी लागला नव्हता. असा माणूस घरात असताना गेम खेळायचा कॉम्प्युटर ठरल्या पैशांत बसवायला किती वेळ लागणार?

पैसे ठरलेले होते आणि त्यावर एक छदाम जास्त मिळणार नाही, हे आईनं आधीच सांगून ठेवलं होतं. वेळही ठरलेली होती. महिनाभर रडतखडत चाललेला धाकटीचा जुना लॅपटॉप मागच्या आठवड्यात कायमचा झोपला आणि पाच मुलींच्या तिच्या टीमचा एक सामना तिच्याविना झाला. रविवारी पाचला पुढचा सामना. टीमच्या कप्तानीणबाईंनी स्वच्छ कळवलं होतं की या रविवारीही आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेणार. ते वाचून धाकटी दोन दिवस नीट जेवली नव्हती, आणि अण्णांना मुलीनं ताटावरून असं अर्धपोटी उठणं अजिबात सहन होत नसे.

यादी चोख होती. आठ वस्तू, प्रत्येकीपुढे कंपनी आणि मॉडेल. तीन आठवडे खपून, एकाला दुसरं जुळतंय ना हे बघून तिनं ती केली होती. अण्णांनी चष्मा लावला, यादी वाचली आणि नापसंतीनं मान हलवली. मागणीपत्रात कंपनीचं नाव लिहायचं नाही हा त्यांच्या खात्याचा पहिला धडा. नाव लिहिलं की दुकानदाराला कळतं, गिऱ्हाईक अडलंय, आणि मग तो भाव चढवतो. तेव्हा धाकटी क्लासला गेल्यावर त्यांनी स्वच्छ कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात यादी नव्यानं लिहिली. प्रोसेसर, एक नग. मदरबोर्ड, एक नग. ग्राफिक्स कार्ड, एक नग. अशी आठही कलमं.

मग ते नऊ दुकानं फिरले. प्रत्येक नगाची तीन-तीन दरपत्रकं घेतली, तुलनात्मक तक्ता केला आणि ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर दिली. स्क्रीन तेवढी शनिवारी घ्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सात खोकी मांडून अण्णा असे उभे राहिले की जणू गड जिंकून आलेत. पैसे चक्क उरले होते.

धाकटीनं पहिली दोन खोकी उघडली आणि ती खुर्चीत बसली.

"बाबा, हा प्रोसेसर एका कंपनीचा आणि मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा. हा ह्यात बसतच नाही."

"जरा दाबून बघ की."

"दाबला तर मोडेल."

अण्णांचा चेहरा पडला. पण माल बदलून घेण्यातही त्यांची हयात गेली होती. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर. पैसे परत मिळणार नाहीत, वरचे भरा आणि दुसरा मदरबोर्ड न्या, असं दुकानदारानं सांगितलं. ते भरून आणलेल्या मदरबोर्डाला नव्या जातीची रॅम लागत होती आणि आणलेली होती जुनी. रॅम बदलून आणली, तर ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये जाईना. सगळ्यांत स्वस्त कॅबिनेट सगळ्यांत लहानही होतं आणि कार्ड चांगलं दोन बोटं बाहेर राहत होतं. मोठं कॅबिनेट आलं. तेव्हा कळलं की या कार्डाला जेवढी वीज लागते तेवढी देणं त्या पॉवर सप्लायच्या ताकदीबाहेरचं आहे. दुपारी अण्णा चौथ्यांदा चपला घालू लागले तेव्हा आईनं शांतपणे विचारलं, की एवढी ये-जा चाललीच आहे तर तिथेच एखादी खोली का घेत नाही?

संध्याकाळपर्यंत सगळं सगळ्यात बसलं. फक्त स्क्रीनचे पैसे त्यात खर्ची पडले होते.

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं तीन आठवडे डोकं चालवलं होतं आणि त्यांनी एका दुपारी त्याची माती केली होती. "चुकलं माझं. तुझ्याच यादीनं आणायला हवं होतं," ते म्हणाले. धाकटीनं त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. शेवटी तोडगा आईनंच काढला. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडा, म्हणाली, रविवारी संध्याकाळी मी काही बघत नाही. ते खरं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

रविवारी पाचला धाकटी टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मैत्रिणींशी बोलायला तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता. दुसरीकडे जायला जागा नसल्यानं अण्णा मागे सोफ्यावर. खेळ त्यांना काडीचा कळत नव्हता. पण प्रत्येक डावाआधी मुलींना ठरावीक पैसे मिळतात आणि त्यांतून शस्त्रं घ्यायची असतात, एवढं त्यांनी बरोबर हेरलं. पाचही जणी हाती येईल तो पैसा महागड्या बंदुकीवर उधळत आणि पुढच्या डावात हात हलवत जात. सात डाव गेले, दोनच जिंकले.

"या डावात काहीच घेऊ नका," शेवटी न राहवून अण्णा म्हणाले. "हरलात तर हरलात. पैसे साठवा आणि पुढच्याला पाचही जणी एकदम घ्या."

फोनवरून कप्तानीणबाईंनी विचारलं की हे कोण. धाकटी लाजून म्हणाली, बाबा. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मुलींनी ऐकलं. तो डाव हरल्या, पुढचे चार जिंकल्या. मग कोणी काय घ्यायचं, कधी हात आखडायचा, सगळं अण्णा सांगू लागले, आणि साडेसहाला टीम जिंकली. फोनमधून एकच गलका झाला. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"काका, पुढच्या रविवारी नक्की या," कप्तानीणबाई म्हणाल्या. "हिला नाही जमलं तरी चालेल. हिच्या जागेला एक मुलगी आहे आमच्याकडे."

धाकटीचा हसरा चेहरा तिथल्या तिथे उतरला. अण्णांनी तो बघितला आणि सोफ्यावरून पुढे सरकून ते फोनजवळ आले.

"तसं नाही जमायचं, ताई. आम्ही दोघं एकत्रच मिळतो. सुटे नाही."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग कप्तानीणबाई म्हणाल्या, बरं, दोघंही या, तिची जागा पक्की.

"छान," अण्णा म्हणाले. "तेवढं लेखी पाठवा."