कल आणि कौल

आमच्या कोरगावात सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की मी पाव घ्यायला दारात जातो. तिथं पावाआधी मला एक सिद्धांत घ्यावा लागतो. तो शेजारचे दत्तारामबाब देतात आणि नको म्हटलं तरी देतात.

बाब डिचोलीच्या खाणीवर ट्रकांचे फोरमन होते. बंद पडलेल्या ट्रकाभोवती एक फेरी मारायची आणि "कारण आसताच!" म्हणायचं, ही त्यांची रीत. दूध नासलं, माझे केस गळले, तरी कारण आसताच. खाणीतल्या यंत्रांच्या आवाजात त्यांचे कान मात्र अर्धे गेले.

त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन पुण्याला असतो. वहिनी, म्हणजे बाबांची बायको, वारल्यानंतरच्या सुट्टीत त्यानं बापाला दारापुढच्या बाल्कांवात बसवून सांगितलं, "बाबा, मला मुली आवडत नाहीत. मी अनिकेतबरोबर राहतो." बाब ओरडले नाहीत. उठले, पोराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "कारण आसताच."

नितीननं त्याच संध्याकाळी म्हापशाहून बस धरली. तेव्हापासून तो गणेशचवथीलाही आला नाही. इकडे बाब मोबाईलवर मानसशास्त्र बघत बसले.

एका सकाळी सिद्धांत निघाला, आई कडक असली की मुलगा असा होतो.

"बाब, माझी आई केवढी कडक होती!"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुजा लग्न जाला खरा," ते संशयानं म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बाप दूर असला की होतो, असं ठरलं. "मी सदांच खाणीर. पोराक बापूसच गावलो नाय!"

"अहो, अर्धा गाव खाणीवर होता. त्यांच्या पोरांचं काय?"

"तेंचा कारण वेगळा आसतला."

मग लहानपणच्या बाहुल्या आल्या, हार्मोन आले. कुठूनही निघालेला सिद्धांत शेवटी त्यांच्याच दारात येऊन थांबायचा. मी दमलो होतो. पाव हातात गार व्हायचा.

शेवटी मीच त्यांना म्हापशाला एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ते आत गेले, मी बाजारात. परत आलो तर बाब बाहेर माझी वाट बघत उभे.

"डाक्टरीण म्हणता, पोराक कायच जावूक नाय. बापाशीन कसा वाडयला, तेच्यार तां नसता. कोणाचो खंय कौल, तो कित्या, तां नेमका कोणाक सांगूक येना."

"कल म्हणाल्या असतील हो. कल! म्हणजे मनाचा ओढा."

"तांच म्हणतंय. कौल! चल, देवाक विचारूया."

समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही देवळात कौल लावायला गेलो. भटजींनी देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला वाटलं, आता देवालाही सिद्धांत ऐकावे लागणार. पण बाबांनी नुसते हात जोडले. मग हळूच म्हणाले, "देवा, चूक माझी आसल्यास उजवी दी."

डावी पाकळी पडली.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बाब पायरीवर मटकन बसले. "माझी चूक आसती तर पोराकडे माफी मागून तेका घराक हाडलो आसतो. आता कसो हाडूं?"

इतके दिवस मी त्यांना हसत होतो, आणि हा माणूस मुलाला परत आणायला एक चूक शोधत होता.

"नुसतं ये म्हणा," मी म्हणालो आणि नितीनला फोन लावून दिला.

"नितीन? चवथीक यो. दोगांय या."

त्यांच्या कानांमुळे फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. पलीकडून नितीनचा आवाज मलाही ऐकू आला, "का बाबा? आता का?"

बाबांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"कारण नाय रे," ते म्हणाले. "यो."