हातचा एक

गांगुर्डे मॅडमकडे तुम्ही एकटे गेलात, तरी चहाचे तीन कप येतात. एक तुमचा, एक त्यांचा आणि तिसरा हातचा. तो कुणी प्यायचा नसतो. वर बशी झाकून तो टेबलाच्या कडेला बसतो, साय धरतो आणि पाहुणा उठला की मोरीत जातो. पहिल्या भेटीत मी तो भाबडेपणानं पिऊन टाकला. फळ्यावरचं अर्धं गणित पुसणाऱ्याकडे बघावं, तसं मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत त्या माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. एकट्याच. रिक्षात एकट्या असल्या तरी कडेला सरकून बसतात. लग्नाचं आमंत्रण आलं की कळवतात, 'येणार एक, हातचा एक.' यजमान बिचारे शेवटच्या पंगतीपर्यंत त्या दुसऱ्या पाहुण्याची वाट बघतात.

मॅडम गणिताच्या प्राध्यापक. चांदवडच्या कांद्याच्या चाळीतून निघालेली मुलगी नाशकात शिकली, पुण्यात डॉक्टर झाली आणि आता तिचे शोधनिबंध पार जर्मनीत वाचतात. तिथे ते एकूण सात माणसांना कळतात, आणि त्यातल्या दोघांना खरंच कळले आहेत का, याबद्दल मॅडमना शंका आहे.

एवढं असून त्यांना साधी बेरीज येत नाही. कॉलनीच्या गणपतीला किती मोदक लागतील, असं मी एकदा भक्तिभावानं विचारलं. त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि म्हणाल्या, "लागतील, हे नक्की. किती, हा हिशेब झाला. मी गणिताची आहे."

तर या मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या. कॉलेजनं त्यांचं शेवटचं व्याख्यान ठेवलं, आणि ते ऐकायला चांदवडहून त्यांची आई येणार, असं ठरलं. ही मोठी घटना होती. आई चांदवड सोडत नाहीत. मॅडमनी घर घेतलं तेव्हा त्या एकदाच अर्धा दिवस आल्या, 'हितं माणूस टांगल्यावानी राहतं,' म्हणाल्या आणि दुपारच्या बसनं परत गेल्या. त्यानंतर सगळा संसार फोनवर. तीस वर्षं दर रविवारी आईंचा एकच प्रश्न, झालं का गं तुझं गणित? नाही झालं म्हटलं की त्या हळहळत, लय अवघड घातलंय वाटतं कुणी.

"भाऊ," मॅडम मला म्हणाल्या, "पदव्या झाल्या, पेपर झाले. मी तिथे नक्की काय करते, ते आईला एकदा कळायला हवं. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल."

मी हौशी नाटकांतला जुना नट. ताबडतोब बायकोची साडी डोक्यावरून घेऊन मी आई झालो आणि तालमी सुरू केल्या. मी इतका समरसून खोकायचो की आईंना खोकला नाही, हे मॅडमना दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या तालमीला त्या मध्येच थांबल्या. म्हणाल्या, चाळीत आई कांदे निवडायची आणि मी शेजारी पाटीवर बेरजा करायची. हातचा आला की मी हमखास विसरायची. मग आई एक बोट वर धरून ठेवायची. बेरीज होईपर्यंत एकाच हातानं कांदे निवडायची.

एवढं बोलून त्यांनी मला पुन्हा खोकायला सांगितलं.

व्याख्यानाला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या शेजारी हिरव्या लुगड्यात आई, पायाशी पिशवी. मॅडम मूळ संख्यांवर बोलू लागल्या. एक आणि ती स्वतः, याशिवाय जिला कुणाचाच भाग जात नाही, ती मूळ संख्या.

"तुझ्यासारखीच म्हंजी," आई मोठ्यानं म्हणाल्या.

सभागृह हसलं. मॅडम गडबडल्या. तालमीत हे वाक्य नव्हतं. मला सुचलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. सावरण्यासाठी त्यांनी फळ्यावर दोन मूळ संख्या मांडल्या आणि खाली बेरीज लिहीत मोठ्यानं म्हणाल्या, "सतरा अधिक एकोणीस, सव्वीस."

मला वाटलं, उच्च गणितात तसं होत असेल. प्राचार्यांनी तर मान डोलावली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत एक बोट वर झालं. काळं, पेरात वाकलेलं. आई नुसतं बोट धरून बसल्या. दुसऱ्या हातानं त्या लुगड्यावरचं काहीतरी निवडत होत्या.

मॅडम त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग वळल्या, तळव्यानं सव्वीसातला दोन पुसला आणि तिथे तीन काढला. तेव्हा कुठे बोट खाली आलं. पुढचं व्याख्यान फार छान झालं म्हणतात. मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

संध्याकाळी मी वर गेलो. मॅडम स्वयंपाकघरात होत्या. आईंनी मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "आज समजलं बाबा. मी म्हणायची, हिला एवढी वर्षं तिथं का ठेवून घेतलंय. पोरीला अजून बेरीजच येत नाय." मग आतल्या दाराकडे बघून आणखी हळू म्हणाल्या, "हिला एकटीला सोडून कसं जायचं?"

मॅडम ट्रे घेऊन आल्या. मला एक कप दिला, आईंना एक, स्वतः एक घेतला. ट्रे रिकामा झाला. मी सवयीनं टेबलाची कड पाहिली.

"मॅडम, हातचा?"

आई चहा बशीत ओतून फुंकर घालत होत्या. त्यांच्या पायाशी दुपारी होती ती पिशवी आता कपाटावर गेली होती. मॅडमनी आईंकडे पाहिलं.

"मिळवला," त्या म्हणाल्या.