एक दाढ कमी

अक्षताची उजवी दाढ सोमवारपासून ठणकत होती आणि खोलीतल्या तृप्तीला याचा वास लागू द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. तृप्ती दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेआधी ठरावीक दाढा स्वतः काढून दाखवाव्या लागत, आणि तिची एक कमी पडत होती. वसतिगृहाचे वॉचमन रामराव तिनं गोड बोलून नेले होते. ते परतले तेव्हा आठवडाभर खुणेनंच बोलत होते. अक्षता नर्सिंगची. शेकडो लोकांना तिनं बिनदिक्कत सुया टोचल्या होत्या, पण दाताच्या खुर्चीचं नाव काढलं की तिचे तळपाय गार पडत.

संध्याकाळी तृप्ती मोसंबीचा रस घेऊन आली. वर बर्फ तरंगत होता.

"बर्फ कशाला?"

"ऊन किती हाय! जल्दी पी."

ही परीक्षाच, अक्षतानं ओळखलं. तिनं एका दमात ग्लास रिकामा केला आणि डोळे पाण्यानं भरले.

"रडून राह्यलीस का गं?"

"आईची आठवण आली."

हे मात्र अंगाशी आलं. तृप्तीनं लगेच बदनापूरला अक्षताच्या घरी फोन लावला आणि सकाळच्या गाडीनं तिची आई बेबीनंदाबाई डबाभर तिळाच्या वड्या घेऊन हजर झाल्या. वड्या दगडासारख्या.

"खा की. चघळून काहून राह्यली? माझ्या हातची गोड लागत न्हाई का आता?"

अक्षतानं चावली. दुपारपर्यंत गाल टम्म झाला.

"गांधीलमाशी चावली," ती म्हणाली.

"कुठून, आतून?" तृप्तीनं विचारलं. मग जवळ सरकून आवाज उतरवला. "आज माझ्यासंगं कॉलेजात चल ना. निस्ती सोबत. तुझ्या तोंडाला हात बी लावणार न्हाई, आईशप्पथ."

शप्पथ ऐकली आणि हिचा डोळा आपल्या दाढेवरच आहे, अशी अक्षताची खात्रीच पटली.

"जा की गं," बेबीनंदाबाई म्हणाल्या, "पोरगी एवढी लाडानं म्हणून राह्यली."

कॉलेजच्या दवाखान्यात अक्षता दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली. तृप्तीचे सर हातमोजे चढवत होते. तृप्ती पुढे झाली, खुर्चीजवळ घुटमळली आणि स्वतःच वर चढून बसली.

"ये ना, हात धर माझा."

"तू?" अक्षतानं पुढे होऊन तिचा हात धरला.

"दोन सालापासून किडलीय. लोकांच्या काढायला काही वाटत न्हाई गं, पण माझी म्हणलं की दर खेपेला पळून जाते. तुला कसं सांगू? तू हसली असती."

"आन् तुझी एक दाढ कमी होती ती?"

"ती तर गेल्या शुक्रवारीच झाली. मंग काय तुझी काढणार होते का?"

अक्षता हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच, आणि अगदी तोंड भरून. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी ती हसतच राहिली.

सर आरसा हातात घेऊन तसेच थांबले. तृप्तीकडे नाही, ते अक्षताच्या उघड्या तोंडाकडे बघत होते.

"तृप्ती, उतर. तुझी उद्या बघू. हिची थांबणारी नाही."

तृप्ती टुणकन खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान अक्षतानं तिच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"बिलकुल बराबर, सर," ती म्हणाली, आणि धरलेला हात न सोडता तिनं मैत्रिणीला मोठ्या मायेनं खुर्चीत बसवलं.