मेलेल्या क्लेमच्या मधमाश्या

"माझ्या माश्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत," क्लेम पोकॉकनं पबमध्ये बिअरचा मग टेबलावर ठेवत सगळ्यांना ऐकवलं. "ऊठ म्हटलं की उठतात, बस म्हटलं की बसतात. बायकोला चाळीस वर्षांत जे जमलं नाही, ते माझ्या माश्यांना जमतं."

"सांगू का विनीला तसं?" शेजारचा सिरिल म्हणाला.

क्लेमनं तिकडे लक्षच दिलं नाही. त्या आठवड्यात त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. निदर कॉम गावात टीव्ही मालिकेचं शूटिंग येऊन उतरलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं खेडं, शेतावर भूत आणि एकूण सहा भाग. भूत व्हायचं होतं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, म्हणजे त्याला आधी मरणं भाग होतं. दिग्दर्शिका टॅम्सिन जागा शोधत फिरताना क्लेमच्या अंगणात शिरली. तिथे गवत वळून केलेल्या जुन्या पद्धतीच्या टोपल्या आणि त्यात नांदणाऱ्या मधमाश्या बघून ती हरखली. तिनं माश्या घेतल्या, अंगण घेतलं आणि क्लेमचा पिवळट चेहरा एकदा निरखून प्रेताचं कामही त्यालाच दिलं.

"रोज दुपारी खुर्चीत करतोस तेच करायचंय," विनी म्हणाली. "फक्त घोरायचं नाही."

शूटिंगच्या दिवशी क्लेम पांढरं कफन घालून, तोंडाला पीठ फासल्यासारखा मेकअप करून शवपेटीत आडवा झाला. पेटी अंगणातच उघडी ठेवली होती. आता मेलेल्याची बायको झालेली नटी ऑटिली काळ्या झग्यात टोपल्यांपाशी जाणार, घराच्या किल्लीनं खालच्या फळीवर तीनदा ठोकणार आणि म्हणणार, "तुमचा धनी गेला. आजपासून मी तुमची धनीण."

क्लेम पेटीत ताडकन उठून बसला.

निदर कॉममध्ये ही नाटकातली गोष्ट नव्हती. तिथे घरात कुणी गेलं की आधी माश्यांना कळवायचं, मग डॉक्टरला. नाही कळवलं तर माश्या रुसतात आणि घर सोडतात. आजवर कळवायला विसरलेले लोक गावानं पाहिले होते. खोटं कळवणारा मात्र कुणी पाहिला नव्हता.

"बाई, हे नाही चालायचं. मी मेलो नाहीये."

"मिस्टर पोकॉक, प्रेतानं बोलायचं नसतं," टॅम्सिन म्हणाली.

"पण त्यांना खरं वाटेल ना."

"तुम्हीच म्हणालात, त्या तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. शॉट झाला की सांगा त्यांना, गंमत होती म्हणून."

क्लेम पुन्हा मेला.

पहिल्या टेकला वाऱ्यानं ऑटिलीची टोपी उडाली. क्लेम कफन सावरत पेटीतून उतरला, फळीवर तीनदा ठोकलं आणि टोपलीला तोंड लावून म्हणाला, "जिवंत आहे मी. मनावर घेऊ नका." दुसऱ्या टेकला पलीकडची मेंढी खोकली. क्लेम पुन्हा उतरला, पुन्हा जिवंत झाला. तिसऱ्याला ढग आला, चौथ्याला ऑटिलीला शिंक आली. आठव्या टेकपर्यंत माश्यांचा धनी आठ वेळा मेला होता आणि आठ वेळा माफी मागून परत आला होता.

नववा टेक मात्र सुरेख झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. टॅम्सिन म्हणाली, "यावेळी प्रेत फारच छान पडलं होतं."

प्रेत झोपलं होतं.

"ऊठ," विनीनं त्याला गदागदा हलवलं. "तुझ्या माश्या निघाल्या."

क्लेमनं डोळे उघडले तर टोपलीतून काळा धूर निघावा तसं मोहोळ उठलं होतं. ते अंगणाची भिंत ओलांडून रस्त्याला लागलं. उठलेल्या मोहोळामागे भांडं बडवत धावलं तर मालकी आपली राहते, मग ते कुणाच्याही आवारात शिरो, अशी तिथली रीत. क्लेमनं स्वयंपाकघरातलं पातेलं आणि डाव उचलला आणि तो तसाच, कफनात, बडवत सुटला.

चर्चसमोर पेन्शनरांची सहलीची बस नुकतीच थांबली होती. चार आजीबाई खाली उतरल्या होत्या. कफनातला पांढराफटक म्हातारा पातेलं वाजवत धावत येताना पाहून त्या एक अक्षर न बोलता परत चढल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पुढचं गाव बघू."

"क्लेम, बरा दिसतोस," सिरिल फाटकातून म्हणाला. "मेल्यापासून तेज आलंय चेहऱ्यावर." आणि तोही मागून निघाला.

मोहोळ जाऊन बसलं ते ऑटिलीच्या मेकअपच्या गाडीच्या दारावर. ती आत अडकली होती. तिनं खिडकीची काच बोटभर खाली केली.

"ह्या जातील ना हो?"

"कशाला जातील?" सिरिल म्हणाला. "नऊ वेळा तुम्हीच सांगितलंत, मी धनीण म्हणून. रीतीनं आता तुमच्याच त्या."

"मी लंडनला तिसऱ्या मजल्यावर राहते."

"मग चढतील की. त्यांना पंख आहेत."

क्लेमनं पातेलं खाली ठेवलं आणि विनीनं मागून धावत आणलेली रिकामी टोपली दाराखाली धरली. "बसा," तो म्हणाला. कुणी बसलं नाही. "अरे, मी क्लेम." एक माशी त्याच्या कानाभोवती फिरली आणि परत जाऊन दारावर बसली. "विनी," तो हळूच म्हणाला, "आजोबांपासूनच्या आहेत गं ह्या."

विनीनं एप्रनला हात पुसले, खिशातली किल्ली काढली आणि गाडीच्या दारावर तीनदा ठोकलं.

"नीट ऐका," ती माश्यांना म्हणाली. "ही लंडनची बाई तुमची कुणी नाही. क्लेम सकाळी अकरालाच गेला. आता राहिले मी. हिवाळ्यात साखरपाणी कोण घालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चला घरी."

चाळणीतून पीठ पडावं तशा माश्या टोपलीत उतरल्या.

घरी जाताना क्लेमनं दोनदा टोपलीला कान लावून पाहिला. मग म्हणाला, "मी परत आलोय, एवढं तरी सांगायचं होतंस."

"ते आधी आठ वेळा सांगून झालंय. कोण विश्वास ठेवणार?"

"पण म्हणजे आता त्या तुझ्या?"

"विचारून बघ त्यांनाच."

दुसऱ्या दिवशी विनी उठायच्या आत क्लेम किल्ली घेऊन अंगणात गेला, टोपलीपाशी वाकला आणि आपण धनी असल्याचं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याच्या नाकाला सात माश्या चावल्या.

दहा वाजता शवपेटी बंद करायचा शॉट होता. सुजलेल्या नाकामुळे झाकण बसेना, म्हणून टॅम्सिननं पेटीत सिरिलला झोपवलं.